नवी वेकबोर्ड बोट सारखी बंद पडते? दोष शोधून पक्की दुरुस्ती करून घेण्याची पद्धत

नवी बोट पहिल्याच हंगामात त्रास देऊ लागली की मालकाचा पहिला संशय इंजिनावर जातो. वेकबोर्ड बोटीत तो बहुतेक वेळा चुकीचा ठरतो. यातली बरीचशी इंजिनं मोटारी आणि ट्रकांसाठी बनणाऱ्या व्ही-८ इंजिनांवर बेतलेली असतात, त्यांचा गाभा जुना आणि पारखलेला असतो. बिघडतं ते त्याच्या भोवतालचं: बॅटरीच्या केबल, कनेक्टर, बॅलास्टचे (मागे मोठी लाट उठावी म्हणून बोट जड करायला टाक्यांत भरतात त्या पाण्याचे) पंप, पाण्याचे होज, शाफ्टचं सील, स्क्रीन आणि सेन्सर यांना जोडणारं नेटवर्क. कारखान्यात हे सगळं हाताने जोडलेलं असतं. टाक्या भरलेल्या, आठ-दहा माणसं बसलेली आणि वर भर ऊन, अशी खरी परीक्षा मात्र तुमच्याच हातात पहिल्यांदा होते.

म्हणूनच दोष शोधायचा तो पाण्यावर, वजनासकट. ट्रेलरवर उभ्या बोटीला नळाचं पाणी लावून इंजिन पाच मिनिटं चालवलं आणि "दोष आढळला नाही" असा शेरा मारला, तर ती तपासणी झाली असं धरू नका.

आधी नोंदवही

दोष दिसला की पाना उचलण्याआधी लिहून काढा: तारीख, इंजिनाचे तास, आरपीएम, वेग, कोणती टाकी किती टक्के भरलेली, व्होल्टेज, पाण्याचं तापमान, टाकीतलं इंधन, आणि दोष येण्याच्या मिनिटभर आधी काय केलं होतं. शेवटची बाब सर्वांत मोलाची. "स्क्रीन बंद पडली" यावरून मेकॅनिकला काहीच कळत नाही. "तीनही बॅलास्ट पंप एकदम चालू केले तेव्हा स्क्रीन बंद पडली" यावरून त्याला कुठल्या वायरकडे जायचं ते कळतं.

स्क्रीनवर एरर आला तर फोटो घ्या. अनेक इंजिनांत कोड दोन भागांत येतो, एसपीएन आणि एफएमआय. एसपीएन भाग कोणता ते सांगतो आणि एफएमआय त्या भागाला काय झालं ते. एफएमआय ३ म्हणजे व्होल्टेज वाजवीपेक्षा जास्त, ४ म्हणजे कमी, ५ म्हणजे करंट कमी किंवा सर्किट तुटलेलं. हे तीन आकडे दिसले तर सेन्सर बदलण्याआधी त्याची वायर आणि कनेक्टर तपासायला लावा. चांगला सेन्सर काढून नवा बसवताना कनेक्टर हलतो, दोष आठवडाभर गायब होतो आणि परत येतो. "पार्ट बदलला तरी तेच" ही तक्रार अनेकदा इथूनच सुरू होते.

वीज: सुरुवात नेहमी इथून

स्क्रीन मध्येच रीसेट होणं, क्रूझ कंट्रोल सुटणं, सर्फ टॅब (लाटेला आकार देणारी मागची पट्टी) अर्धवट उघडणं, एकाच वेळी चार-पाच सेन्सरचे एरर येणं, इंजिन अचानक लिम्प मोडमध्ये (स्वतःला वाचवायला शक्ती कमी करण्याच्या अवस्थेत) जाऊन आरपीएम न वाढणं. या तक्रारी वेगवेगळ्या वाटतात, पण कमी व्होल्टेजने त्या सगळ्याच होऊ शकतात. साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या आणि याच क्रमाने जा.

१. बोट रात्रभर चार्जरशिवाय, मेन स्विच बंद करून ठेवा. सकाळी प्रत्येक बॅटरीचं व्होल्टेज वेगवेगळं मोजा. १२.७ म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे जेमतेम पाव. नवी बोट महिनोन् महिने शोरूमच्या आवारात उभी असते आणि तिथेच बॅटरी खोल उतरून कायमची अशक्त झालेली असू शकते. बोट नवी असली म्हणजे बॅटरी ताजी आहे असं समजू नका.

२. बॅटरीवरचा प्रत्येक लग (केबलच्या टोकाची धातूची कडी) हाताने पिळून बघा. जराही हलला तर तो दोषच. मग नट काढून थर बघा: सर्वांत जाड केबलचा लग थेट बॅटरीच्या टर्मिनलला टेकलेला हवा, त्यावर बारीक वायरींचे लग, सर्वांत वर वॉशर आणि नट. दोन लगांच्या मध्ये वॉशर सापडला तर काढा. स्टीलचा तो वॉशर स्टार्टरचा शेकडो अँपिअरचा करंट अडवतो आणि तापतो. हाताने आवळायच्या विंग नटऐवजी पान्याने आवळता येणारा नट लावा.

३. कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि त्या क्षणी बॅटरीचं व्होल्टेज बघा. ते १० च्या वर राहायला हवं. ९.६ च्या खाली गेलं तर बॅटरी तरी संपली आहे किंवा स्टार्टर जास्त ओढतो आहे.

४. आता केबल तपासा. मीटरची एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलवर टेकवा, लगवर नाही. दुसरी स्टार्टरच्या मोठ्या बोल्टवर. सेल्फ मारताना फरक ०.५ व्होल्टच्या आत हवा. तसंच निगेटिव्ह टर्मिनल आणि इंजिन ब्लॉक यांच्यात ०.२ ते ०.३ च्या आत. जास्त आला तर पिन एकेक जोड पुढे सरकवत या. ज्या जोडावर आकडा उडी मारतो तो सैल किंवा रंगावर बसवलेला असतो. इंजिनाच्या अर्थिंगचा लग थेट रंगावर आवळलेला असणं ही नव्या बोटीतली ठरलेली चूक आहे.

५. इंजिन चालू करून १५०० आरपीएमला बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळतात का बघा. मग बॅलास्ट पंप, स्टीरिओ, दिवे, ब्लोअर सगळं एकदम लावा. आयडलला (इंजिन सर्वांत कमी आरपीएमला नुसतं चालू असताना) आकडा थोडा उतरेल, पण आरपीएम वाढवूनही १३ च्या वर येत नसेल तर अल्टरनेटर किंवा त्याची केबल बघावी लागेल.

६. हे सगळं ठीक असूनही सेन्सर टोळीने गायब होत असतील तर नेटवर्ककडे वळा. मेन स्विच बंद करून डायग्नोस्टिक कनेक्टरवर कॅन-हाय आणि कॅन-लो (नेटवर्कच्या दोन वायरी) यांच्यातला रेझिस्टन्स मोजा. नेटवर्कच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे टर्मिनेटर (रेझिस्टर) असतात, म्हणून मीटरवर साधारण ६० यायला हवेत. १२० आले तर एक टर्मिनेटर नाही किंवा वायर मध्येच तुटली आहे. ४० च्या आसपास आले तर कोणीतरी तिसरा टर्मिनेटर जोडला आहे, आणि ॲक्सेसरी नंतर बसवलेल्या बोटींत हे होतं. शून्याजवळ आला तर शॉर्ट.

एक ठाम सल्ला: मूळ दोष सापडेपर्यंत बोटीत नवा ॲम्प्लिफायर, दिवे, काहीही जोडू नका. जोडलंत तर दोष कोणाचा हा वाद सुरू होईल आणि त्यात तुमची बाजू लंगडी पडेल.

चावी फिरवली आणि काहीच झालं नाही, अगदी टिक आवाजही नाही, तर आधी किल-स्विचची दोरी नीट बसली आहे का आणि लिव्हर खरोखर न्यूट्रलमध्ये आहे का बघा. लिव्हर किंचित पुढे-मागे हलवल्यावर सेल्फ लागला तर न्यूट्रल स्विचची ॲडजस्टमेंट चुकली आहे.

बॅलास्ट: सर्वांत जास्त तक्रारींचं घर

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, आणि अनेक वेक बोटी एक टनाहून जास्त पाणी घेतात. ते आत-बाहेर करणारे पंप दोन जातींचे असतात, आणि आपल्या बोटीत कोणता आहे हे कळल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

इम्पेलर पंपात रबरी पात्यांचं चाक असतं. तो उलटसुलट फिरतो, त्यामुळे भरणं आणि रिकामं करणं एकाच पंपाने होतं. त्याचा वैरी कोरडं चालणं. टाकी रिकामी झाल्यावरही पंप चालू राहिला तर अर्ध्या मिनिटात रबर तापून पाती वाकतात किंवा फाटतात. मग पंपाचा आवाज येतो, पाणी येत नाही. असा पंप साधारण ताशी ३००० ते ४००० लिटर ओढतो, म्हणजे ४०० लिटरची टाकी सहा ते आठ मिनिटांत भरायला हवी. तीच टाकी पंधरा मिनिटं घेत असेल तर झाकणाचे स्क्रू काढून इम्पेलर बघा. बसवताना पात्यांना ग्लिसरीन किंवा सिलिकॉन ग्रीस लावा. पेट्रोलियमचं ग्रीस रबर फुगवतं. लांब विश्रांतीनंतर पहिल्याच वेळी फ्यूज उडाला तर पाती बहुधा आतल्या भिंतीला चिकटलेली असतात. मोठा फ्यूज लावून तो जबरदस्तीने फिरवू नका.

दुसरा पंप सेंट्रिफ्यूगल. तो कोरडा चालला तरी लगेच मरत नाही, पण स्वतः पाणी ओढू शकत नाही. तो पाण्याच्या पातळीखाली बसवावा लागतो, आणि त्यात हवा धरली की नुसता घरघरतो. तात्पुरता उपाय असा: मागे कोणी पाण्यात नाही याची खात्री करून बोट काही सेकंद रिव्हर्समध्ये घ्या, हलणाऱ्या पाण्याने अडकलेली हवा निघून जाते. हे दर वेळी करावं लागत असेल तर होजमध्ये उंचवटा आहे. पंपापासून टाकीपर्यंत होज सतत चढता जायला हवा. मध्येच वर जाऊन खाली आलेल्या कमानीत हवा साठते. कारखान्यात टाय बांधताना होज इंचभर वर ओढला गेला तरी हे होतं, आणि टाय कापून होज सरळ केला की सुटतं.

टाकी भरलेली दिसते पण चालता चालता रिकामी होते, किंवा रिकामी केलेली टाकी आपोआप भरते, हा तिसरा प्रकार. पूर्ण वजनाने बोट खाली बसली की टाकीच्या व्हेंटचं (हवा ये-जा करण्याच्या नळीचं) बाहेरचं तोंड पाण्याखाली जाऊ शकतं आणि तिथून पाणी उलटं येतं. व्हेंटच्या होजला डेकजवळ उंच वळण आहे का आणि चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने वाट देणारी झडप) बाणाच्या दिशेने बसवला आहे का, दोन्ही बघा.

स्क्रीनवरचा टक्का मात्र सहसा विश्वासू नसतो. काही बोटींत तो सेन्सरवरून येतो, काहींत पंप किती वेळ चालला यावरून निव्वळ अंदाज असतो. मॅन्युअलमध्ये बघून पूर्ण रिकामं आणि पूर्ण भरलेलं असं दोन्ही टोकांना कॅलिब्रेशन करा. ते केल्याशिवाय पंपाला दोष देऊ नका.

बिल्जमध्ये पाणी येतं कुठून?

आधी ड्रेन प्लग. तो घट्ट असेल तर बिल्ज (बोटीच्या तळातली पाणी साठण्याची जागा) स्पंजने पूर्ण कोरडी करा, संशयित जोडांखाली टिश्यू पेपर पसरा आणि टप्प्याटप्प्याने पुढे जा. पहिला टप्पा, बोट पाण्यात, इंजिन बंद, अर्धा तास. पेपर भिजला तर शाफ्टचं सील, रडरचं सील किंवा तळातलं एखादं फिटिंग. दुसरा टप्पा, इंजिन आयडलला दहा मिनिटं. आता भिजला तर कूलिंगचा होज किंवा एक्झॉस्टचा जोड. तिसरा टप्पा, एकेक टाकी भरा, प्रत्येकीनंतर थांबून बघा. चौथा, चालवून बघा. सगळं एकदम केलंत तर पाणी दिसेल, उगम दिसणार नाही.

पॅकिंगचं जुन्या पद्धतीचं सील थोडं ठिबकणं हे त्याचं कामच आहे: शाफ्ट फिरताना मिनिटाला साधारण तीन-चार थेंब, थांबल्यावर जवळजवळ काहीच नाही. नवं पॅकिंग सुरुवातीच्या तासांत दबतं आणि गळती वाढते. इंजिन बंद करून लॉकनट सोडा, मोठा नट एका वेळी षटकोनाच्या एकाच बाजूइतका फिरवा, लॉकनट आवळा, चालवून बघा. इंजिन पुन्हा बंद करून हात लावल्यावर सील चटका देण्याइतकं गरम असेल तर जास्त आवळलं गेलं आहे. न ठिबकणारं सील असेल तर त्याला इंजिनाकडून पाणी देणारा बारीक होज कुठे मुडपलेला नाही ना, हे बघा. ते पाणी थांबलं की सील जळतं.

नव्या बोटीच्या बिल्जमध्ये फायबरग्लासची धूळ, टायचे कापलेले तुकडे, वायरींची सालं हमखास असतात. ते बिल्ज पंपाच्या जाळीत अडकतात आणि नेमका गरजेच्या वेळी पंप बसतो. पहिल्या आठवड्यात बिल्ज व्हॅक्यूमने साफ करा, पंपाची जाळी काढून धुवा, आणि फ्लोट हाताने वर उचलून पंप आपोआप सुरू होतो का बघा.

तापमान चढतं

बहुतेक इंजिनांचं पाणी ७० ते ८५ अंशांत स्थिर राहतं. आयडलला ठीक आणि वजनाने चालवताना चढत असेल तर पाण्याचा प्रवाह कमी पडतो आहे. पाण्याचा मार्ग डोळ्यांसमोर आणा: तळातलं तोंड, बऱ्याच बोटींत त्यानंतर गिअर ऑइलचा कूलर, गाळणी, पंप, मग हीट एक्स्चेंजर किंवा थेट इंजिन. कूलर पंपाच्या आधी असेल तर पाणवनस्पतींचा गोळा त्याच्याच तोंडाशी अडकतो, आणि गाळणी मात्र स्वच्छ दिसते. त्यामुळे गाळणी बघून निश्चिंत होऊ नका, कूलरचा होज काढून आत हाताचं बोट घालून तपासा.

इंजिनाला पाणी देणाऱ्या या पंपातला इम्पेलर काढलात तर पाती मोजा. एखादं पातं कमी असेल तर नवा इम्पेलर टाकून काम संपत नाही. तुटलेला तुकडा पंपाच्या पुढे, होजच्या वळणात, थर्मोस्टॅटच्या घरात किंवा हीट एक्स्चेंजरच्या नळ्यांवर बसलेला असतो, आणि तो सापडेपर्यंत तापमान चढतच राहणार. पुरेसं पाणी नसताना इंजिन मिनिटभर जरी चालवलं असेल तर हा पंप उघडून बघाच.

गरम इंजिन परत सुरू होत नाही

सकाळी एका सेल्फमध्ये सुरू होणारी बोट दुपारी, पंधरा मिनिटं बंद ठेवल्यावर, लांबच लांब सेल्फ खाते. व्ही-ड्राइव्ह बोटीत इंजिन मागच्या सीटखाली, आवाज कोंडणाऱ्या फोमच्या पेटीत असतं. सर्फिंगला वेग ताशी १७-१८ किलोमीटर, पण वजनामुळे इंजिनावर ताण मोठा. एवढं तापलेलं इंजिन एकदम बंद केलं की कूलिंग थांबतं आणि इंधनाच्या वाहिनीत पेट्रोलची वाफ होते. बंद करण्याआधी तीन-चार मिनिटं आयडलला चालवा. मात्र तेवढ्या वेळात मागच्या प्लॅटफॉर्मवर किंवा त्याच्याजवळ कोणीही नको, एक्झॉस्टमधला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. मग इंजिन बंद करून पेटी उघडी ठेवा. पुन्हा सुरू करताना पेट्रोलचा वास येत नाही ना बघा, ब्लोअर चार मिनिटं चालवा, चावी ऑनवर दोन-तीन सेकंद ठेवून बंद, असं दोनदा करा, मग सेल्फ मारा. एवढ्यावर भागत असेल तर उष्णतेचाच प्रश्न आहे. तरीही त्रास राहिला तर इंजिन बंद केल्यावर इंधनाचा दाब किती वेळ टिकतो ते डीलरकडून मोजून घ्या. झपाट्याने पडत असेल तर पंपातला चेक व्हॉल्व्ह किंवा एखादा इंजेक्टर गळतो आहे.

चालवताना वीस-तीस मिनिटांनी जोर कमी होत जाणं वेगळं. इंजिन बंद करून, जवळ कुठेही ठिणगी नसताना, पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा फुस्स आवाज आला आणि त्यानंतर बोट नीट चालली, तर टाकीचा व्हेंट बंद आहे. भरताना नोझल सारखं बंद होत असेल तर तीच खूण. पेट्रोलमध्ये इथेनॉल १० टक्क्यांपर्यंत चालतं, १५ टक्क्यांचं घालू नका.

थरथर आणि गरगर

प्रोपेलरचं पातं जरासं वाकलं तरी थरथर येते, म्हणून आधी तेच बघा. ते सरळ असेल तर शाफ्टचं अलाइनमेंट. नव्या बोटीत इंजिनाचे माउंट पहिल्या काही तासांत बसतात आणि कारखान्यात जुळवलेलं अलाइनमेंट हलतं. तपासणी पाण्यातच करायची, कारण ट्रेलरवर हलचा (बोटीच्या मुख्य सांगाड्याचा) आकार किंचित वेगळा असतो. कपलिंगचे बोल्ट काढा, दोन्ही फ्लँज अलगद जवळ आणा, फिलर गेज वर, खाली, डावीकडे, उजवीकडे घाला. चारही जागांच्या मापात ०.०८ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. मग शाफ्ट अर्धा फिरवून पुन्हा मोजा. जास्त फाट शाफ्टबरोबर फिरली तर शाफ्ट किंवा कपलिंग वाकडं आहे. जागेवरच राहिली तर माउंट हलवावे लागतील. हे काम वॉरंटीत डीलरकडूनच करून घ्या, पण आकडे लिहून मागा.

दोरी बांधायचा वरचा टॉवर खडखडत असेल तर त्याचे बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा.

इंजिन सुदृढ असूनही बोट वजनाने प्लेनिंगवर येत नसेल (वर उचलली जाऊन पाण्यावरून सरकत नसेल), तर पाणी समुद्रसपाटीपासून किती उंचावर आहे ते बघा. दर ३०० मीटरला सुमारे ३ टक्के शक्ती जाते. उंचावरच्या तलावात असं झालं तर तो बोटीचा दोष नसतो, तिथे वेगळा प्रोपेलर लागतो.

डीलरकडे नेताना

पहिली सर्व्हिस अनेक इंजिनांत २० ते २५ तासांत असते, गिअर ऑइलसकट. ती चुकवू नका, पावती जपा. वॉरंटीचा पहिला प्रश्न तोच असतो. त्याच वेळी सगळे होज क्लॅम्प, इंजिन माउंट आणि कपलिंगचे बोल्ट पुन्हा आवळून घ्या.

तक्रार तोंडी देऊ नका. वर्क ऑर्डरवर तुमच्याच शब्दांत लिहून घ्या, नोंदवहीची पानं आणि व्हिडिओ जोडा, आणि चाचणी पाण्यावर, टाक्या भरून, इंजिन पूर्ण तापेपर्यंत व्हावी हे तिथेच नमूद करा. शक्य असेल तर त्या चाचणीला बोटीत बसा. परत घेताना तीन गोष्टी कागदावर हव्यात: दोष काय दिसला, कारण काय निघालं, काय केलं. "सॉफ्टवेअर अपडेट केलं" एवढंच लिहिलं असेल तर आधीची आणि नंतरची आवृत्ती विचारा. बदललेला भाग बघायला मागा.

घरी नेण्याआधी ज्या परिस्थितीत दोष येत होता तीच पुन्हा उभी करा: तेवढंच पाणी, तेवढीच माणसं, तोच वेग, तेवढाच वेळ. दोष आला नाही तर इंजिनाच्या तासांसकट नोंद करा. आला तर त्याच दिवशी, त्याच कोडच्या फोटोसह, नवी वर्क ऑर्डर उघडायला लावा.